अनुसया नसताना झालेली बचत

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७:१०

आजपासून रोजनिशी. वही विकत घेतली नाही. डेपोतून रिटायर होताना एक जुनं रजिस्टर सोबत आलतं, त्याची मागची पानं कोरी आहेत. आलतं म्हणजे टाकाऊ होतं. चोरलं नाही.

मराठीत लिहितो. सेफ्टीसाठी. बालाघाटच्या या गल्लीत मराठी वाचणारं कोणी उरलं नाही, पोट्टे सगळे हिंदीवाले. एक अनुसयाच वाचू शकते, ती तिरोड्याची, सातवी मराठीत पास. पण ती सध्या गोंदियाले आहे, आम्रपालीकडे. पोरीचं बाळंतपण. सवा महिन्याचं काम होतं, सप्टेंबरात गेली. आता डिसेंबर लागला. पण बाळ लहान आहे, समजून घ्या लागते.

ती येईपर्यंत घर असं चालवून दाखवाचं का दारातच तिनं तोंडात बोट घालावं. छत्तीस वर्षं जंगल खात्याच्या डेपोत स्टोअरकीपर होतो. बैहरच्या जंगलातून ट्रकच्या ट्रक लाकूड आलं, हरेक गोल्यावर, ओंडक्यावर नंबर टाकला, एक बल्ली इकडची तिकडं झाली नाही. मग एक किचन काय चीज आहे?

संकल्प : चहा दिवसातून दोनदाच. सात वाजल्याबिगर लाइट नाही. आणि किचनचा नळ स्वतः दुरुस्त करणं. रात्रभर टपकते आणि प्लंबर अडीचशे मागते. अडीचशे! नळाले का सोन्याचा वायसर लावते का काय?

३ डिसेंबर, बुधवार

सिलेंडर पाच ऑक्टोबरले लावलता. अजून चालूच आहे. अनुसया असताना दीड महिन्यात खडखडाट. फरक पाहा.

शेजारच्या विमलाबाईले मी मुद्दाम थांबवून सगळी पद्धत सांगितली. बर्नर बारीक, भांड्यावर झाकण, डाळ आधी भिजवून. बाईनं ऐकून घेतलं. मग म्हणे, भाऊजी, घरात खाणारं माणूसच एक राह्यलं, तं गॅस जाईन कुठं? तिले मॅनेजमेंट समजत नाही. चांगली बाई आहे, पण नाही समजत.

सकाळी चहा दोन कप झाला. मापात चूक. दुसरा कप झाकून ठेवला, संध्याकाळी गरम करून पेलो. म्हणजे चूक नाही, स्टॉक.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात गेलतो. बाबासाहेबांच्या फोटोपुढं पूर्ण मेणबत्ती लावली, नवी. तिथं बचत नाही. दरसाल हार अनुसया करते, या साली बाजारातला नेला. झेंडू शिळा होता.

वंदना झाल्यावर बायांनी घेरलं. अनुसयाबाई कधी येते म्हणून. मी म्हटलं, येऊनच राह्यली. तिची मावसबहीण मंजू किरनापूरवरून आलती, ती म्हणे, परवाच माझं फोनवर बोलणं झालं, मले तं काही बोलली नाही. मी म्हटलं, सरप्राइज आहे. मंजू माझ्याकडं पाहतच राह्यली. लोकाले सरप्राइजची सवय नाही.

सकाळचा चहा पुन्हा दोन कप. भगोणंच मोठं आहे. लहान घ्या लागंन.

९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी

नळाचं काम हाती घेतलं. सामान : पाना, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, धागा. सगळं घरचं. खर्च शून्य.

१०:३० वाजता नळाचं मुंडकं खोललं. १०:३१ ले ते मुंडकं माझ्या हातात होतं आणि पाणी छताले. मेन व्हॉल्व्ह बंद कराले धावलो तं तो जाम, पाच-सात वर्षांत कोणी हात लावला नव्हता. शेवटी फकिराले फोन केला. फकिरा डेपोत चौकीदार होता, आता ई-रिक्षा चालवते. तो प्लंबर घेऊनच आला. तोवर किचनमधून पाणी समोरच्या खोलीत, गहू अर्धे ओले.

प्लंबरनं मले विचारलं, हे कोणत्या येड्यानं खोललं? मी म्हटलं, आधीच्या भाडेकरूनं. घर माझंच आहे, बाप्पा. मीच बांधलं.

एकूण खर्च सातशे दहा. पण आता नळाचं सगळं तंत्र मले समजलं, ही पुढची बचत.

फकिरा निघताना म्हणे, भाऊ, वहिनीले घेऊन या ना. मी म्हटलं, ती येईल तिच्या टायमाले, आणाले ते काय पार्सल आहे? तो हासला नाही.

१० डिसेंबर, बुधवार. पहाटे ४

नळ टपकत नाही. एकदम चूप.

झोप नाही लागली. टपकत होता तं घरात काहीतरी चालू आहे असं वाटे. आता भिंतीवरची घडी ऐकू येते, तिचा पण सेल कमजोर आहे, मधातच अटकते. सेल बदलवणार नाही. टाइम मोबाइलवर दिसते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

तेलाच्या डब्याबद्दल एकदा स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको.

ऑगस्टमध्ये मी तेलाच्या डब्यावर मार्करनं एक रेघ मारली आणि बाजूले तारीख टाकली. शुद्ध डेपोची पद्धत. किती होतं, किती गेलं, समजलं पाहिजे. यात कोणावर काही नाही. अनुसयानं रेघ पाह्यली आणि उभ्या उभ्या विचारलं, मी का चोर आहो का? मी तिले शांतपणे समजावून सांगितलं का लाकडावर नंबर टाकतो तं लाकडाले थोडीच चोर म्हणतो. त्यानंतर गोंदियाले जाईपर्यंत तिनं घरात एक पापड तळला नाही. जाताना पाह्यलं, तेल रेघीच्या वर होतं. तिच्या माहेरून बाटलीभर आलतं, ते वरून टाकून गेलती.

मी याचा अर्थ असा काढला का पद्धत उपयोगाची आहे.

संध्याकाळी टीव्हीचं रिचार्ज संपलं. मारलं नाही. बातम्या विमलाबाईच्या घरी पाहतो, त्यांचा सेट मोठा आहे. विजेची बचत, रिचार्जची बचत, चहा त्यांच्याकडला. एका दगडात तीन. त्यांच्या सुनेनं, प्रियंकानं, कांद्याचे भजे पण दिले. रात्रीचा स्वयंपाक वाचला.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ५:२०

अनुसयाचा फोन दर रविवारी चार वाजता येते. मी करत नाही. पॅक अनलिमिटेड आहे, पैशाचा सवाल नाही, पण गेलं कोण? गेलेल्या माणसानं फोन कराचा.

४:०० नाही.
४:२५ नाही. मोबाइलचं चार्जिंग पाह्यलं, ऐंशी टक्के.
४:५० नेटवर्क चेक कराचं म्हणून मीच लावला. नेटवर्क ठीक होतं. आम्रपालीनं उचलला. म्हणे, आई बाळाले घेऊन खाली गेली, उन्हात. मी म्हटलं, मी काही कामानं नाही केला, नेटवर्क पाहत होतो. ती म्हणे, बाबा, तुमी जेवता नं? मी तिले सिलेंडरचं सांगितलं, सत्तर दिवस झाले म्हणून. पोरीनं पुन्हा विचारलं, पण जेवता नं? इम्प्रेस झाली असंन.

१८ डिसेंबर, गुरुवार

सहा वाजता नेहमीसारखा विमलाबाईकडे गेलो. दार लोटलेलं. प्रियंकानं फटीतून सांगितलं, दादाजी, आज हम लोग बाहर जा रहे हैं. ठीक आहे, जा. घरी येऊन बसलो तं भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज. बातम्याच. म्हणजे हे लोक टीव्ही चालूच ठेवून बाहेर गेले! किती वीज जाते याचा काही अंदाज?

शेजारधर्म म्हणून पुन्हा गेलो, कोणी मागं राह्यलं असंन तं सांगावं. कडी वाजवली. दार प्रियंकानंच उघडलं. आत सगळे बसलेले, विमलाबाई पण, ताटं वाढलेली. मी म्हटलं, टीव्ही चालू राह्यला म्हणून सांगाले आलो. प्रियंका लाल झाली. विमलाबाई उठून म्हणे, या भाऊजी, जेवून घ्या. मी म्हटलं, जेवण झालं.

नव्हतं झालं. येऊन मुरमुरे खाल्ले. त्यांचा प्रोग्राम कॅन्सल झाला असावा.

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी

तेलाच्या डब्यावरची रेघ पुसली. डब्याची साफसफाई तशी पेंडिंगच होती, दुसरं काही कारण नाही. मार्कर पक्का निघाला. आधी साबण, मग राख, मग फकिराकडून पेंटचं थिनर आणलं. रेघ गेली. तिच्यासोबत कंपनीचं नाव पण गेलं. तारीख थोडी दिसते, उन्हात धरली तरच.

४:०० नाही.
६:०० नाही.

आज मी नेटवर्क चेक केलं नाही. नेटवर्क चांगलंच असते.

२३ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ९:४०

आली रे बाप्पा आली!

आम्रपालीचा मेसेज. पोरगी इंग्रजी अक्षरात मराठी लिहिते, वाचाले डोकं खाजवा लागते, पण हा साफ आहे. जसाच्या तसा उतरवतो : आई कल बालाघाटले. बँकेचं काम. संध्याकाळची गाडी.

के, ए, एल. कल. या पोरांच्या तोंडी उद्या हा शब्दच उरला नाही, सगळं कल. मी वर्षानुवर्षं सांगतो का घरात तरी मराठी बोला, पण ऐकते कोण. असो. आज भांडण नाही.

मेसेजवर हिशोब करून पाह्यला. उद्या बुधवार, बँक चालू. परवा पंचवीस तारीख, बँक बंद. म्हणजे उद्याच. शंकेले जागा नाही. बँकेचं काम दुपारी उरकून मग संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार असंही कोणी वाचंन, पण ते चूक. संध्याकाळच्या गाडीनं येऊन राह्यली, बँकेचं नंतर पाहू. तीन महिन्यांनी माणूस आपल्या गावाले येते, ते काय बँकेसाठी येते का? बँक हे बायांचं निमित्त असते.

आम्रपालीले उत्तर दिलं : ओके. जास्त उत्साह दाखवला तं डोक्यावर बसतात.

फकिराले फोन केला, उद्या रिक्षा स्टेशनवर पाहिजे म्हणून. लागला नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळी ६:०० झाडून काढलं. समोरची खोली, किचन, न्हाणी. पलंगाखालून तिची एक चप्पल निघाली. धुऊन उन्हात ठेवली.

९:१५ बाजार. फुलगोबी घेतली, मटर घेतला, हिरव्या सांभाराची जुडी घेतली. भाव केला नाही. गुजरीतल्या भाजीवाल्या बाईनंच दोनदा पाह्यलं माझ्याकडं, ती ओळखते मले.

१०:०० इलेक्ट्रिकच्या दुकानातून पाणी तापवाचा रॉड घेतला. चार-पाच वर्षं अनुसया म्हणून राह्यलती, थंडीत हात आखडतात, एक रॉड घ्या. मी म्हणो, चूल काय शोभेले आहे? दुकानदारानं विचारलं, साधा देऊ का आयएसआय. मी म्हटलं, आयएसआय. साडेसहाशे. घेऊन टाकला.

११:३० घडीत नवा सेल. टीव्हीचं रिचार्ज, पूर्ण महिन्याचं.

२:०० फुलगोबी-मटरची भाजी. तेल सढळ हातानं. डाळ. पोळ्या नऊ, त्यातल्या सहा गोल.

३:३० दाढी. विमलाबाई अंगणात होती, तिले सांगितलं, आज येऊन राह्यली. बाईले इतका आनंद झाला का डोळ्याले पदर लावला. म्हणे, बरं झालं भाऊजी, आमाले तं तुमाले पाहूनच कसंतरी होत होतं. कसंतरी काहून? मी तं घर एकदम टाइट चालवलं. पण आज वाद नाही घातला.

५:१० सगळे लाइट लावले. बाहेरचा पण. सात वाजाले टाइम आहे, तरी.

५:२० निघतो. प्लॅटफॉर्म तिकीट काढणार.

२५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी

गाडी सव्वा सहाले आली. मी मधात उभा होतो, म्हणजे दोन्हीकडचं दिसते. पुष्कळ लोक उतरले. बैहर, परसवाड्याकडचे, पोतेवाले, कॉलेजची पोट्टी. एक बाई निळ्या शालीत उतरली, मी तिची थैली धराले हात पण पुढं केला. ती दुसरीच होती. तिनं थैली ओढून घेतली.

वाटलं, शेवटच्या डब्यात असंन, तीन महिन्यांचं सामान असते सोबत. शेवटच्या डब्यापर्यंत गेलो. मग इंजिनपर्यंत. मग गार्ड म्हणे, बाबूजी, गाड़ी खाली है.

बाहेर फकिरा रिक्षा लावून उभा होता. म्हणे, भाऊ, कोणाले घ्याले आलते? मी म्हटलं, अनुसयाले. त्याचं तोंड उतरलं. म्हणे, वहिनी तं सोमवारीच येऊन गेल्या ना. मीच त्याइले बँकेतून स्टेशनवर सोडलं, संध्याकाळच्या गाडीले. मी म्हटलं, दुसरी कोणी असंन. तो म्हणे, तीस वर्षं त्याइच्या हातचा चहा पेलो भाऊ, मी नाही वळखन का? मले वाटलं तुमाले माहीत असंन.

के, ए, एल. काल. मराठीच लिहिलं होतं पोरीनं. मंगळवारी तिनं सांगितलं का आई काल बालाघाटले होती, बँकेचं काम होतं, संध्याकाळच्या गाडीनं परत आली. साधी गोष्ट. मले कळवलं तेवढंच. आणि मी उत्तर दिलं ओके.

फकिरानं घरी सोडलं, पैसे घेतले नाही. विमलाबाई दारातच होती, सगळे लाइट पाहून वाट पाहत उभी. माझ्याकडं पाहून आत गेली.

सोमवारी मी घरीच होतो. दिवसभर. बँकेतून आपल्या घरापर्यंत पायी दहा मिनिटं. कुठंच गेलो नव्हतो मी.

आज सकाळी आठ वाजता फोन लावला. नेटवर्कसाठी नाही. तिनं पहिल्या घंटीले उचलला. मी विचारलं, आलती का? ती म्हणे, हौ, आलतो. खातं गोंदियाले ट्रान्सफर केलं, पोरगी ड्युटीवर जाते, बाळापाशी कोणी लागते, सारखं जाणं-येणं होत नाही आता. मी विचारलं, मग घरी काहून नाही आली? मागं बाळ कुरकुर करत होतं. मग म्हणे, घरी आलो असतो तं मंग निघणं नसतं झालं.

म्हणजे निघाचंच होतं.

मले म्हणाचं होतं, अनुसया, ये. मले एकट्याले करमत नाही, घर खाले उठते. पाठ करून ठेवलं होतं, पहाटेपासून. आणि तोंडातून निघालं, तिकडं सिलेंडर किती दिवस जाते? ती म्हणे, मी पाह्यलं नाही. इथं कोणी पाहत नाही. पण रागानं नाही बोलली. राग असता तं मले समजलं असतं काय कराचं.

शेवटी म्हणे, जेवण करत जा वेळेवर. मी म्हटलं, हौ. ती म्हणे, ठेवतो, बाळ उठलं.

मले ती पाहिजे. हे इथं लिहून ठेवतो, कारण फोनवर झालं नाही.

कालची फुलगोबी आहे भगोणंभर. पोळ्या नऊच्या नऊ. आज दोन्ही वेळ तेच खाईन, उद्यालेही पुरते.